घरची आईसकँडी दगड का होते, आणि मुलांना चावता येईल अशी कशी करायची

फळांचा रस काढायचा, साच्यात ओतायचा आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा, एवढीच आईसकँडीची कृती असेल असं वाटतं. दुसऱ्या दिवशी कांडी मुलाच्या हातात पडते. पहिली दोन मिनिटं मूल खूश असतं, चोखत राहतं. मग सगळा रंग आणि सगळी गोडी उतरते आणि काडीला पांढराफटक, बेचव बर्फ उरतो. तो चावला जात नाही, चोखून काही मिळत नाही, म्हणून शेवटी बेसिनमध्ये जातो. फळ चांगलं होतं, रस ताजा होता, तरी असं झालं, कारण चूक गोठवण्यात होती.

पाणी गोठतं तेव्हा त्याचा स्फटिक फक्त पाण्याचाच बनतो. रसातली साखर, रंग, आंबटपणा या सगळ्याला तो बाहेर ढकलतो. ते सगळं दाट पाकासारखं होऊन स्फटिकांमधल्या फटींत साठतं. गोठणं जितकं संथ, तितके स्फटिक मोठे आणि फटी रुंद. मुलाने जोरात चोखलं की फटींतला पाक तोंडात येतो आणि मागे बर्फाचा सांगाडा राहतो. हा सांगाडा बारीक आणि ठिसूळ ठेवता आला की काम झालं. त्यासाठी तीन गोष्टी आपल्या हातात असतात: साखरेचं प्रमाण, फळाचा गर आणि गोठण्याचा वेग. चवी आणि रंग मुलांच्या आवडीने ठरवा, पण या तिन्हींकडे दुर्लक्ष करू नका.

साखर किती घालायची

साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. १५ टक्के साखर असलेला रस साधारण उणे १ अंश सेल्सिअसला गोठायला लागतो, आणि घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांतही त्यातला थोडा पाक पातळच राहतो. त्या पातळ राहिलेल्या पाकामुळे कांडी दाताखाली तुटते. साखर फारच कमी असेल तर दगड होणारच. आणि ती २५ टक्क्यांच्या आसपास गेली तर कांडी घट्ट धरत नाही, ओढताना काडी हातात येते आणि कांडी साच्यातच बसून राहते.

मुलांसाठी १२ ते १४ टक्के पुरे. म्हणजे १०० ग्रॅम मिश्रणात १२ ते १४ ग्रॅम साखर, आणि त्यात फळातली साखरही धरायची. कलिंगडात साधारण ६ टक्के साखर असते, स्ट्रॉबेरीत ५, संत्र्याच्या रसात ८ ते ९, अननसात १०, पिकलेल्या केळ्यात १२, आंब्यात १४ आणि द्राक्षांत १६. यावरून हिशेब करता येतो. ५०० ग्रॅम गोड आंब्याच्या गराला वरून साखर लागतच नाही. ५०० मिली संत्र्याच्या रसाला २ टेबलस्पून, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास साखर पुरते. तेवढ्याच कलिंगडाला ३ टेबलस्पून लागतात. साखर कमी घालायची असेल तर पाणीदार फळाबरोबर गोड फळ मिसळा: कलिंगडात द्राक्षं किंवा केळं, स्ट्रॉबेरीत आंबा. स्ट्रॉबेरी नुसती गोठवली तर ती हमखास टणक होते.

गार जिभेला गोडी कमी लागते. म्हणून साच्यात ओतण्याआधी मिश्रण चाखाल तेव्हा ते गरजेपेक्षा थोडं जास्तच गोड लागायला हवं. तेव्हा बरोबर वाटलं, तर गोठल्यावर फिकं लागणार. इथे साखरच वाढवली पाहिजे असं नाही. चिमूटभर मीठ आणि १ टीस्पून लिंबाचा रस घातला तरी फळाची चव उठून येते.

कोरडी साखर थंड रसात घालून दोनदा ढवळली की विरघळली असं वाटतं, पण तळाशी कण राहतात. ते साच्यातही खाली बसतात. साच्याचा तळ म्हणजे कांडीचं टोक, त्यामुळे टोक चिकट आणि लिबलिबीत राहतं आणि वरचा भाग दगड होतो. अशी कांडी निघाली तर दोष फ्रीजरचा नाही. साखर २-३ टेबलस्पून गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, पाक थंड करा आणि मग रसात मिसळा.

मधाने कांडी साखरेपेक्षा जास्त मऊ होते, कारण त्यातल्या साखरा लहान रेणूंच्या असतात. पण १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नका. मधात क्वचित असणारे बोटुलिझमचे बीजाणू गोठवल्याने मरत नाहीत. २ वर्षांपर्यंत वरून साखरही नको. त्या वयाला पिकलेलं केळं, आंबा, भिजवून वाटलेला खजूर एवढी गोडी भरपूर आहे.

गर गाळून टाकू नका

रस स्वच्छ दिसावा म्हणून गाळणीतून काढला की सगळ्यात उपयोगी भाग गाळणीत राहतो. फळाचा चोथा आणि त्यातलं पेक्टिन पाण्याला धरून ठेवतात, स्फटिकांना मोठं व्हायला जागा देत नाहीत. गाळायच्या फक्त बिया आणि जाड साली. कलिंगडासारख्या पाण्याच्या फळात एक लहान केळं घातलं की पोत बदलतो, आणि पुरेसं लिंबू असेल तर केळ्याची चवही फार पुढे येत नाही.

स्ट्रॉबेरी, जांभळं, आलुबुखार अशी फळं थोड्या साखरेबरोबर मंद आचेवर ५-७ मिनिटं शिजवून घ्या. पाणी आटतं, पेक्टिन सुटतं, रंग गडद होतो. यात वेळ जातो खरा, पण कच्च्या आणि शिजवलेल्या स्ट्रॉबेरीची कांडी शेजारी शेजारी खाऊन पाहा, फरक पहिल्याच घासाला कळतो.

मूळ कृती: कलिंगड आणि केळं

८० मिलीच्या ६ साच्यांसाठी: बिया काढलेल्या कलिंगडाच्या फोडी ३५० ग्रॅम, १ लहान पिकलेलं केळं (सोलून सुमारे ८० ग्रॅम), २ टेबलस्पून साखर, लिंबाचा रस १ टीस्पून, चिमूटभर मीठ.

१. साखर २ टेबलस्पून गरम पाण्यात विरघळवून गार करा.

२. फोडी, केळं, पाक, लिंबू आणि मीठ मिक्सरमध्ये २०-३० सेकंद फिरवा. जास्त फिरवू नका, फेस होतो.

३. भांडं झाकून १ ते २ तास फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही, ठेवा. मिश्रण चांगलं गार झालं पाहिजे. वर आलेला फेस चमच्याने काढून टाका.

४. एकदा ढवळून साच्यात ओता. वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काठोकाठ भरलं तर कांडी झाकणाला चिकटते नाहीतर झाकण उचलून टाकते. साचा ओट्यावर दोन-तीनदा हलका आपटा म्हणजे आतले बुडबुडे वर येतील.

५. ४५ ते ६० मिनिटांनी काठाला बर्फ धरतो आणि मधला भाग चिखलासारखा होतो. आता काडी उभी रोवा. लाकडी काड्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवल्या की तरंगून वर येत नाहीत. काड्या खाण्याच्या वापरासाठीच केलेल्या असाव्यात, रंगवलेल्या शोभेच्या काड्या नकोत.

६. एकूण ५ ते ६ तास लागतात. रात्रभर ठेवणं उत्तम.

तिसऱ्या पायरीतला फेस बहुतेक जण तसाच ओततात. फेस साच्यात वर तरंगतो आणि साच्याची वरची बाजू म्हणजे कांडीची काडीकडची बाजू. तिथे हवा भरलेला, भुसभुशीत बर्फ तयार होतो, आणि मूल अर्ध्यावर आलं की कांडी काडीवरून सुटून खाली पडते. लहान मुलासाठी यासारखं दुःख नाही, आणि ते एका चमच्याने टाळता येतं.

वेग

घरच्या फ्रीजरमध्ये वेग वाढवायला जागा कमी असते, पण जी आहे ती वापरा. फ्रीजर उणे १८ किंवा त्याखाली ठेवा. ज्या फ्रीजरमध्ये जलद गोठवण्याचं बटण असतं तिथे साचे ठेवण्याच्या काही तास आधी ते दाबा. साचे मागच्या बाजूला, भिंतीजवळ ठेवा. दाराजवळची जागा सगळ्यात वाईट, कारण उन्हाळ्यात दार दिवसातून वीसदा उघडतं आणि प्रत्येक वेळी गरम हवा आधी तिथेच येते. साच्याखाली स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं ताट आधीपासून गार करून ठेवलं तर खालून उष्णता लवकर ओढली जाते. दोन साच्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा म्हणजे हवा खेळेल. एका वेळी पंधरा-वीस साचे ठेवले की सगळेच रेंगाळतात, त्यापेक्षा दोन फेऱ्या करा.

कोमट मिश्रण तर कधीच ठेवू नका. ते स्वतः संथ गोठतंच, शिवाय आजूबाजूच्या गोठलेल्या जिनसांनाही ऊब देतं. आत आणलेल्या त्या उबेने जुन्या कांड्यांचं बाहेरचं आवरण किंचित वितळतं आणि पुन्हा गोठतं, आणि प्रत्येक वेळी स्फटिक थोडे मोठे होतात. आठवडाभराने चांगली कांडीही खरखरीत लागते ती याच कारणाने.

साचे नसतील तर

कागदी कप सगळ्यात सोपे, शेवटी फाडून काढायचे. वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल ताणून बसवा, मध्ये चिमुकली चीर पाडा आणि त्यातून काडी घाला. फॉइल काडीला सरळ धरून ठेवतं, तासभर थांबायची गरज नाही. वरून रुंद आणि खाली निमुळते स्टीलचे छोटे पेलेही चालतात, आणि धातूचे असल्याने गोठवतातही लवकर. सरळ उभ्या भिंतीच्या पेल्यातून मात्र कांडी सुटत नाही. काचेचं भांडं किंवा बाटली नको, बर्फ फुगला की काच तडकते.

साच्यातून कांडी काढताना साचा १५-२० सेकंद कोमट पाण्यात बुडवा आणि काडी ओढण्याऐवजी आधी हलकेच पिळा. सुटल्याचं हाताला कळतं. गरम पाणी वापरलं तर बाहेरचा थर वितळतो, कांडीचे कोपरे जातात आणि पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवल्यावर तिच्यावर बर्फाचं कवच चढतं.

फोडी आणि थर

पारदर्शक रसात फळाच्या फोडी सुंदर दिसतात, आणि खाताना गारगोटीसारख्या लागतात. फोडीत ८५-९० टक्के पाणी असतं, ते तसंच गोठतं. म्हणून फोडी ३ मिलिमीटरपेक्षा जाड कापू नका, १ टेबलस्पून साखर चोळून अर्धा तास ठेवा. साखर आत शिरते, थोडं पाणी बाहेर येतं, आणि गोठलेली फोड चावता येते. सुटलेलं पाणी टाकू नका, रसातच मिसळा.

दोन-तीन रंगांचे थर करायचे तर घाई नडते. पहिला थर ओतून ४०-४५ मिनिटं थांबा. बोटाने हळूच दाबलं तर वर कडकपणा जाणवावा पण बोट किंचित चिकटावं, ही योग्य वेळ. त्याआधी ओतलं तर रंग एकमेकांत मिसळतात. थर पूर्ण दगड झाल्यावर ओतलं तर दोन्ही जोडले जात नाहीत आणि खाताना कांडी बरोबर त्या रेषेवर तुटते. पुढचा थर फ्रीजमध्ये गार करूनच ओता. काडी दुसऱ्या थरानंतर घाला, म्हणजे ती दोन्ही थरांना धरते.

दुधाच्या आणि दह्याच्या कांड्या

नुसतं दूध साखर घालून गोठवलं तर पातळ, कचकचीत बर्फ होतो. दुधातलं पाणी बांधून ठेवायला थोडं कॉर्नफ्लोअर लागतं. ५०० मिली सायीच्या दुधातून अर्धी वाटी गार दूध बाजूला काढा, त्यात २ टीस्पून कॉर्नफ्लोअर गुठळ्या न होता कालवा. उरलेलं दूध ४ टेबलस्पून साखर घालून उकळा, आच मंद करा, कालवण हळूहळू ओता आणि सतत ढवळत उकळी आल्यावर आणखी १ मिनिट शिजवा. इथे चुकलं की कच्च्या पिठाची चव शेवटपर्यंत राहते. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की झालं. गार होताना साय येऊ नये म्हणून मधूनमधून ढवळा. याच दुधात २ टेबलस्पून कोको घालता येतो, तो मात्र साखरेबरोबर आधी कोरडा मिसळा.

दह्याची कांडी करायची तर ५०० ग्रॅम दही स्वच्छ फडक्यात बांधून २-३ तास टांगा आणि चक्का करा. दही फ्रीजमध्ये गाळणीवर ठेवून निथळलं तर उन्हाळ्यात आंबत नाही. ३०० ग्रॅम चक्का, २०० ग्रॅम आंब्याचा गर आणि ३ टेबलस्पून साखर एकजीव करा. मिक्सर नको, रवी किंवा चमचा बास. ही कांडी लहान मुलांसाठी सगळ्यात चांगली म्हणावी लागेल, कारण ती संथ वितळते आणि हातावरून ओघळत नाही.

एक सावधगिरी. कच्चा अननस, किवी आणि पपई यांत प्रथिनं फोडणारे विकर असतात. ती फळं दुधात किंवा दह्यात मिसळली की थोड्या वेळाने मिश्रण कडू लागतं, फाटल्यासारखं दिसतं. गोठवल्याने विकर मरत नाहीत, फक्त संथ होतात. फळ आधी २-३ मिनिटं चांगलं उकळून घेतलं आणि गार केलं, तर ही अडचण येत नाही. पाण्याच्या कांडीत ही फळं कच्ची घालायला हरकत नाही.

यंत्राशिवाय आईस्क्रीम

यंत्र दोन कामं करतं: गोठताना मिश्रण हलवत राहून स्फटिक बारीक ठेवतं आणि त्यात हवा भरतं. यंत्र नसेल तर हवा आधीच भरून घ्यायची. ३५ टक्के स्निग्धांशाचं ५०० मिली क्रीम आणि भांडं दोन्ही फ्रीजमध्ये चांगली गार करा. क्रीम फेटा आणि फेटणी उचलल्यावर वर आलेलं टोक किंचित वाकेल इथपर्यंतच थांबा. क्रीम कोमट असेल तर फुलतच नाही. जास्त फेटलं तर आधी दाणेदार होतं आणि मग लोणी सुटतं, आणि तिथून मागे येता येत नाही. आता ४०० ग्रॅमच्या डब्यातलं गोड कंडेन्स्ड मिल्क आणि १ टीस्पून व्हॅनिला वेगळ्या भांड्यात घ्या, त्यात तिसरा हिस्सा क्रीम ढवळून मिसळा आणि मग बाकीचं क्रीम खालून वर असं हळुवार उलथून घाला. फळाचा गर घालायचा असेल तर आटवून घट्ट केलेला, तोही अर्ध्या वाटीपर्यंतच. पातळ रस घातला की पाणी वाढतं आणि बर्फाचे खडे होतात. उथळ डब्यात भरा, पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर ठेवा, झाकण लावा, ६ ते ८ तास. हे फार गोड आणि स्निग्ध असतं, मुलांना एक छोटा गोळा पुरतो.

याहून हलकं हवं असेल तर केळी. साल ठिपकेदार झालेली ४ केळी १ सेंटिमीटर जाड कापा, एकमेकांना न चिकटवता ताटात पसरून ४ तास गोठवा. मग मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. आधी चुरा होईल, मग गोळा, आणि नेमकं आता बिघडलं असं वाटत असतानाच अचानक ते मऊ मलईसारखं होतं. चुरा झाल्यावर धीर सोडून दूध ओतू नका, पातळ होतं. अगदीच पातं फिरत नसेल तर १-२ टेबलस्पून. हिरवट केळी तुरट लागतात.

मुलांना सोबत घेऊन करायचं असेल तर बर्फ आणि मिठाचा प्रयोग सगळ्यात मजेचा. २०० मिली उकळून गार केलेलं दूध, १०० मिली क्रीम, ३ टेबलस्पून साखर आणि अर्धा टीस्पून व्हॅनिला जाड झिपच्या पिशवीत भरा, हवा काढून बंद करा आणि ती दुसऱ्या तशाच पिशवीत घाला. मोठ्या पिशवीत १ किलो ठेचलेला बर्फ आणि २५० ग्रॅम जाडं मीठ टाका, मध्ये लहान पिशवी ठेवा आणि १०-१२ मिनिटं सतत हलवा. मीठ बर्फ वितळवतं, वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूने ओढली जाते, आणि ते खारं पाणी उणे १० अंशांच्याही खाली जातं. याच कारणाने पिशवी उघड्या हाताने धरू देऊ नका, थंडीने कातडी भाजल्यासारखी होते. जाड टॉवेलमध्ये गुंडाळा किंवा हातमोजे द्या. आतली पिशवी उघडण्याआधी गार पाण्याखाली धुऊन पुसा. हे विसरलं की पहिलाच चमचा खारट. उरलेलं मिठाचं पाणी झाडांना घालू नका.

लहान मुलाला देताना

फ्रीजरमधून थेट काढलेली कांडी ओठाला आणि जिभेला चिकटते. ओढली तर कातडी सोलवटते. ताटलीत २-३ मिनिटं ठेवा, वर ओलसर चकाकी आली की द्या. चिकटलीच तर ओढू नका, कोमट पाणी सोडा.

४ वर्षांच्या आतल्या मुलांना बर्फाचे खडे, आख्खी गोठलेली द्राक्षं किंवा घट्ट फोडी देऊ नका, घशात अडकतात. द्राक्ष उभं चार भागांत कापून, तेही वाटून मिश्रणात. आख्खा सुकामेवा नको, पूड चालेल. काडी तोंडात धरून मूल पळत नाही ना, हे पाहा. खाताना बसवणं हाच उपाय. या वयाला छोट्या साच्यात, ३०-४० मिलीची, रुंद चपटी काडी असलेली कांडी करा. मोठी कांडी संपेपर्यंत अर्धी हातावर वितळते.

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात, आणि कांडी तोंडात वितळली की पुन्हा जागे होतात. म्हणून पाणी उकळलेलं, दूध तापवलेलं, फळं धुतलेली आणि कच्चं अंडं कशातच नाही. उन्हात खेळून आलेल्या मुलाला कांडीच्या आधी पाणी द्या. एका कांडीत अर्धा पेलाही द्रव नसतो. मूल मलूल असेल, लघवी कमी झाली असेल, अंग तापलं असेल तर कांडीने भागणार नाही, डॉक्टरांकडे न्या.

साठवण

कांड्या साच्यातून काढून एकेक बटर पेपरात गुंडाळा, मग हवाबंद डब्यात ठेवा. उघड्या राहिल्या तर फ्रीजरची कोरडी हवा त्यांतलं पाणी शोषते, कडा पांढऱ्या आणि पिसासारख्या होतात, आणि शेजारच्या डब्यातल्या कांदा-लसणाचा वास चढतो. दोन आठवड्यांत संपवा. त्यानंतर बिघडतात असं नाही, पण स्फटिक वाढतात. डब्यावर तारीख आणि दुधाची की फळाची हे लिहा. वितळलेली दुधाची कांडी पुन्हा गोठवू नका.

वीज गेली तर दार उघडून पाहू नका. तुम्ही घरी नसताना ती किती वेळ गेली होती हे कळायला एक साधी युक्ती आहे. एका वाटीत पाणी गोठवा, त्या बर्फावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ वितळलेला नाही. मधोमध रुतलं असेल तर कांड्यांचा आकार तपासा, ज्या वाकल्या किंवा चपट्या झाल्या त्यांतल्या दुधाच्या फेकून द्या. नाणं तळाशी गेलं असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे, कांड्या दिसायला कितीही चांगल्या असल्या तरी.